डंकर्कला 'गेलेली' छोटी बोट : दावा खरा की सांगोवांगी, हे कसं तपासायचं?

दप्तरखाना

मंडळी, १९४० च्या डंकर्कवर, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावर अडकलेल्या दोस्त सैनिकांना समुद्रमार्गे इंग्लंडला आणणाऱ्या ऑपरेशन डायनॅमोवर, लढाईच्या अंगाने भरपूर लिहिलं गेलंय. हा धागा फक्त बोटींचा आहे. समोर एखादी जुनी लाकडी मोटरबोट आहे, केबिनच्या दारावर 'डंकर्क १९४०' अशी पितळी पट्टी आहे, आणि मालक म्हणतो, 'हिने दोनशे माणसं आणली.' हे तपासायचं कसं?

आधी 'गेली' या शब्दाची फोड करू, कारण निम्मे घोळ तिथेच होतात. बोटीची नौदलाकडे नोंद होणं ही एक गोष्ट. ती ताब्यात घेतली जाणं दुसरी. टेम्स नदीवरून तिच्या मुखाजवळच्या शीअरनेसला आणि तिथून रॅम्सगेट बंदराला पोचणं तिसरी. इंग्लिश खाडी ओलांडणं चौथी, आणि किनाऱ्यावरून माणसं उचलणं पाचवी. पहिल्या तिन्ही पायऱ्यांचे कागद असलेल्या आणि चौथीचा एकही नसलेल्या बोटी पुष्कळ आहेत. काही रॅम्सगेटला इंजिन बंद पडून राहिल्या, काहींना खलाशीच मिळाले नाहीत, काही ३ जूनला पोचल्या तेव्हा काम संपत आलं होतं. घरात राहिलेला कागद मात्र 'ताब्यात घेतल्याचा' असतो. पुढच्या पिढीला तो पुरेसा वाटतो.

बोटी एकूण किती, याचंही एकच उत्तर नाही. साधारण ८६० हा आकडा बऱ्याच ठिकाणी येतो, पण त्यात विनाशिकांपासून मोटरबोटींपर्यंत सगळं आहे. मोठ्या जहाजांच्या डेकवरच्या जीवनहोड्या, दोरीने ओढत नेलेल्या बिननावाच्या होड्या, बार्जेस कुणी मोजल्या, कुणी सोडल्या. आकडा देणाऱ्याने काय मोजलं हे आधी विचारावं.

---

नवशिका वल्हेकरी

पण रेडिओवर आवाहन झालं होतं ना? ते ऐकून लोक आपापल्या बोटी घेऊन निघाले, असंच वाचलंय.

---

दप्तरखाना

इथेच पाणी मुरतं. बीबीसीवरचं ते निवेदन १४ मे १९४० चं. ३० ते १०० फूट लांबीच्या, स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या खासगी बोटींच्या मालकांनी १४ दिवसांत तपशील कळवावा, एवढंच त्यात होतं. डंकर्कचं नावही नव्हतं, कारण त्या दिवशी तशी वेळ येईल हे ठरलेलंच नव्हतं. नौदलाला किनाऱ्यालगतच्या कामासाठी लाकडी बोटी हव्या होत्या. जर्मन चुंबकीय सुरुंगांनी नाकी नऊ आणले होते आणि लाकडी बोटीला त्यांचा धोका कमी. तपशील कळवायची मुदत २८ मेपर्यंत होती. डायनॅमो सुरू झालं २६ मेच्या संध्याकाळी.

बोटी प्रत्यक्षात गोळा केल्या त्या अ‍ॅडमिरल सर लायोनेल प्रेस्टन यांच्या स्मॉल व्हेसल्स पूल या नौदलाच्या छोट्या बोटींच्या विभागाने. वरच्या टेम्सवर टेडिंग्टनच्या टफ ब्रदर्स या बोटी बांधणाऱ्या कारखान्याने नदीकाठ पालथा घालून शंभरावर बोटी जमवल्या. कित्येक मालकांना बोट गेल्याचं नंतर कळलं. मोहिमेची बातमी सर्वसामान्यांपर्यंत पोचली ती मेच्या अगदी अखेरीला. त्यामुळे 'आजोबांनी रेडिओ ऐकला आणि २७ तारखेला निघाले' हा दावा तारखेवरच पडतो.

बहुतेक बोटींवर नौदलाचे किंवा राखीव दलाचे खलाशी होते. मालक स्वतः गेल्याची उदाहरणं आहेत, पण ती थोडी. जे नागरिक गेले त्यांच्याकडून टी-१२४ नावाच्या करारावर महिन्याभरासाठी सह्या घेतल्या, म्हणजे पकडले गेले तर त्यांना सैनिकाचा दर्जा मिळावा. असा कागद घरात असेल तर तो जपा. पण त्याने माणूस सिद्ध होतो, बोट नाही. आपली बोट शीअरनेसला सोडून दुसरीच घेऊन गेलेले लोकही होते.

---

भरती-ओहोटी

कागदांआधी समुद्र बघा. पुष्कळ दावे पाण्याच्या गणितातच गळतात.

डंकर्कपासून पूर्वेला मालो-ले-बाँ, ब्रे-द्यून आणि बेल्जियममधलं ला पान असा सलग वाळूचा किनारा. उतार अगदी मंद. उधाणाच्या भरती-ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक, त्यामुळे ओहोटीला वाळू शेकडो मीटर उघडी पडते. विनाशिकेला किनाऱ्यापासून मैलभर लांब थांबावं लागे. मधलं अंतर कापायला कमी पाण्यात चालणारी बोट हवी, छोट्या बोटींची गरज एवढ्यासाठी. खाडी ओलांडून माणसं इंग्लंडला नेणं हे त्यांचं मुख्य काम नव्हतंच.

आता आकडे. एकूण ३,३८,२२६ माणसं निघाली. त्यातली २,३९,५५५ बंदरातून, मुख्यतः पूर्वेकडच्या मोलवरून, आणि ९८,६७१ किनाऱ्यावरून. हा मोल म्हणजे समुद्रात शिरलेला लांबलचक बांध. जहाजं लावण्यासाठी तो बांधलेलाच नव्हता, वरची वाट तीन-चार माणसं जेमतेम शेजारी चालतील एवढी. डंकर्कला नेमलेले नौदल अधिकारी कॅप्टन टेनंट यांनी तिथे जहाज लावून पाहिलं आणि ते जमलं, म्हणून एवढी माणसं निघाली.

किनाऱ्यावरचे रोजचे आकडे शोधकर्त्याने पाठच करावेत : २८ मे ५,९३०, २९ मे १३,७५२, ३० मे २९,५१२, ३१ मे २२,९४२, १ जून १७,३४८, २ जून ६,६९५, ३ जून १,८७०, ४ जून ६२२. २७ तारखेला किनाऱ्याचा आकडा शून्य. बंदरापेक्षा किनाऱ्यावरून जास्त माणसं गेली असा दिवस एकच, ३० मे.

यावरून चाळणी अशी लागते :

- २७ किंवा २८ मेला 'टेम्सवरची बोट किनाऱ्यावर काम करत होती' म्हटलं तर शंका घ्या. या बोटी मोठ्या संख्येने ३० च्या रात्रीपासून दिसू लागतात.
- ३१ मेच्या सकाळी वारा किनाऱ्याकडे वाहत होता, लाटा फुटत होत्या आणि काम जवळजवळ ठप्प झालं होतं. त्या सकाळी 'आरशासारखं पाणी' असेल तर तारीख चुकलेली आहे.
- ला पानचा तळ ३१ मे आणि १ जूनच्या मधल्या रात्री सोडला. २ जूनला ला पानहून माणसं उचलल्याचा दावा असेल तर जागा तरी चूक किंवा तारीख तरी.
- १ जूनच्या हवाई हल्ल्यांत इतकी जहाजं गेली की त्यानंतर काम रात्रीवर नेलं. ३ जूनच्या भर दुपारी किनाऱ्यावरून फेऱ्या मारणारी बोट दिसली तर मी पुढे वाचत नाही.

वेळेचीही एक गंमत. ब्रिटिश घड्याळ तेव्हा ग्रीनिचच्या एक तास पुढे आणि जर्मन दोन तास. जर्मन विमानदळाच्या नोंदीतला १७ वाजताचा हल्ला ब्रिटिश जहाजाच्या नोंदवहीत १६ वाजता सापडेल. हे विसरून लोक एकाच हल्ल्याचे दोन हल्ले करतात.

---

सुकाणू

यात अंतराचं गणित जोडतो. डोव्हरपासून तीन मार्ग ठरवलेले होते. झेड ३९ सागरी मैल, वाय ८७ आणि एक्स ५५. झेड सगळ्यात जवळचा, पण कॅलेच्या बाजूच्या जर्मन तोफांच्या माऱ्यात. वाय लांबचा वळसा. एक्सवरचे सुरुंग साफ करून तो नंतर उघडला. छोटी मोटरबोट सहा-सात नॉट, म्हणजे ताशी तेवढे सागरी मैल, चालते. एक्स मार्गाने एक वेळ आठ-नऊ तास. पेट्रोल भरणं आणि माणसं उतरवणं धरून दिवसात एकच फेरी होते. 'तीन दिवसांत सात फेऱ्या' हा आकडा खाडीपलीकडचा असूच शकत नाही. तो किनारा ते जहाज या फेऱ्यांचा असतो. ते काम कमी मोलाचं नाही, पण गोष्ट वेगळी आहे.

इथूनच 'दोनशे माणसं आणली' हा वाद सुटतो. होडीने माणसं विनाशिकेवर चढवली की ती मोजली जायची विनाशिकेच्या नावावर, इंग्लंडच्या धक्क्यावर उतरताना. होडीच्या खात्यात काहीच नाही. म्हणून बहुतेक छोट्या बोटींपुढे अधिकृत आकडा सापडत नाही, आणि सापडला तर तो कुठून आला हे विचारायलाच हवं. सापडत नाही म्हणून बोट गेलीच नाही, असंही म्हणता येत नाही.

---

नवशिका वल्हेकरी

नदीतल्या बोटी समुद्रात टिकल्या कशा? काय बिघडायचं?

---

सुकाणू

बरंच काही. क्रमाने सांगतो, कारण नोंदी वाचताना हीच कारणं पुन्हापुन्हा दिसतात.

पहिलं, बोट पुढे ढकलणारा पंखा. किनाऱ्यालगतच्या पाण्यात दोर, ओव्हरकोट, तुटकी जाळी, काय वाटेल ते तरंगत होतं. पंख्यात गुंडाळी बसली की इंजिन जागच्या जागी थांबतं, आणि लाटांत ती सोडवायची म्हणजे कुणीतरी पाण्यात उतरायचं.

दुसरं, इंजिन थंड ठेवणारं पाणी. या बोटी बाहेरचंच पाणी आत घेऊन इंजिनाभोवती फिरवत. उथळ पाण्यात वाळू आत जाते, पंप घासतो, जाळी तुंबते आणि इंजिन तापून अडकतं. पेट्रोल इंजिनांचं मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज देणारं यंत्र, ओलं झालं की ठिणगीच पडत नाही.

तिसरं, वजन. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाळूला टेकवून माणसं घेतली की बोट दीड-दोन वीत खाली बसते. ओहोटी चालू असेल तर दहा मिनिटांत ती तिथेच रुतते. यावर उपाय म्हणजे मागच्या बाजूने नांगर टाकून त्याच्या दोरावर किनाऱ्याकडे सरकायचं आणि भरली की इंजिन न लावता दोर ओढत मागे यायचं. कोळ्यांना हे शिकवावं लागत नाही. रविवारी नदीत फिरणाऱ्याला लागतं.

चौथं, माणसं. गळ्यापर्यंत पाण्यात तासन् तास उभे असलेले दमलेले सैनिक एकाच बाजूने काठाला लटकले की होडी पालथी. आणि जहाजापर्यंत वल्हवत गेल्यावर होडी परत कोण आणणार? सैनिक वर चढले की ती रिकामी वाहत जायची. कितीतरी होड्या बॉम्बने नाही, अशा हरवल्या. नोंदीत 'बेपत्ता' लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ बुडाली असाच नसतो.

पाचवं, होकायंत्र. नदीतल्या बोटीला ते बहुधा नव्हतंच. होतं तिथे ते तपासून लावलेलं नव्हतं, त्यात शेजारी मशीनगन किंवा लोखंडी पेटी ठेवली की सुई भलतीकडे. म्हणून बऱ्याच बोटी टगच्या, म्हणजे ओढणाऱ्या बोटीच्या, मागे माळ करून ओढत नेल्या. तेही धोक्याचं : ओढणारा जोरात निघाला की पुढच्या होडीचा दोर बांधायचा खुंटाच उपटून यायचा. टेम्सवर टॉवर ब्रिजजवळ बोटींची माळ ओढत नेतानाचा प्रसिद्ध फोटो 'डंकर्कला निघालेल्या बोटी' म्हणून फिरतो. तो ९ जूनचा आहे, परत येतानाचा.

---

खाडीकाठ

लोक फक्त केबिनवाल्या शौकीन मोटरबोटींच्या मागे लागतात. जास्त काम केलेले प्रकार वेगळे आहेत, आणि त्यांची कागदपत्रंही चांगली आहेत.

डच स्कूट घ्या. या सपाट तळाच्या, किनारी मालवाहू बोटी. हॉलंड पडल्यावर इंग्लंडला आलेल्या चाळीसेक बोटींवर नौदलाचे खलाशी चढवले. त्यांच्या नावावर २२,६९८ माणसं आहेत. सपाट तळामुळे वाळूवर बसल्या तरी कलंडत नाहीत. नौदलाच्या ताब्यात असल्याने प्रत्येकीच्या अधिकाऱ्याचा अहवालही असतो.

ली-ऑन-सीच्या शिंपल्या गोळा करणाऱ्या बोटी सहा : एन्डेव्हर, लेटिशिया, डिफेंडर, रिलायन्स, रिनाउन, रेझोल्यूट. उथळ गाळात बसायला आणि तिथून निघायलाच त्या बांधलेल्या. त्यांच्यावर नेहमीचेच कोळी गेले. परतीच्या वाटेवर रिनाउन सुरुंगावर आदळली, चौघे गेले. एन्डेव्हर आजही आहे.

आरएनएलआय या बचावसंस्थेच्या १९ जीवनरक्षक बोटी गेल्या. रॅम्सगेट आणि मार्गेटच्या दोनच स्वतःच्या खलाशांसह, बाकीच्या नौदलाने घेतल्या. हाइद ठाण्याच्या सुकाणूवाल्याने जायला नकार दिला होता. त्याचं म्हणणं, एवढी जड बोट वाळूवर चढवली तर पुन्हा पाण्यात यायची नाही. त्याला भित्रा ठरवलं गेलं. त्याच ठाण्याची व्हायकाउंटेस वेकफिल्ड किनाऱ्यावर चढून तिथेच राहिली. संस्थेची हरवलेली ती एकुलती बोट.

आणि सगळ्यात लहान, टॅमझिन. जेमतेम १५ फुटांची, फळीवर फळी चढवून बांधलेली उघडी मासेमारीची होडी. आज इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. १४ मेच्या निवेदनातल्या '३० फूट' या अटीत ती बसतच नाही, यावरूनच बोटी कशा गोळा झाल्या ते कळतं.

---

दप्तरखाना

आता कागदांची साखळी. नावावरून शोधायला सुरुवात करू नका. एकाच नावाच्या पाच-सात बोटी असतात, मालक बदलला की नाव बदलतं, आणि घाईत लिहिणारा नौदलाचा कारकून ऐकू आलं तसं लिहितो.

सुरुवात बोटीवरून करा. ब्रिटिश नोंदणी असेल तर मुख्य आडव्या तुळईवर अधिकृत क्रमांक आणि नोंदणीचं टनेज कोरलेलं असतं. रंगाखाली दबलेलं असलं तर कागद ठेवून पेन्सिल घासा, खरवडू नका. हा क्रमांक नाव बदललं तरी बदलत नाही. त्यावरून मर्कंटाइल नेव्ही लिस्ट या नोंदणीकृत जहाजांच्या यादीत १९३९-४० चं नाव, बंदर आणि मालक मिळतो. नोंदणी बंद झाली असेल तर लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये बीटी ११० या मालिकेत तिची कागदं असू शकतात. नोंदणी नसलेल्या बोटीसाठी लॉइड्सचं यॉट रजिस्टर, १९३८-३९ चं. त्यात लांबी, रुंदी, बांधणारा, साल, इंजिन, सगळं. समोरच्या बोटीशी मोजमाप जुळवा. सहा इंचांचा फरक मापायच्या पद्धतीचा असतो, तीन फुटांचा नसतो.

१९४० चं नाव हातात आलं की पुढे नौदल. क्यूलाच एडीएम १९९ मध्ये डायनॅमोचे अहवाल आहेत, जहाजवार आणि अधिकारीवार. एडीएम २०८ म्हणजे रेड लिस्ट, किनारी पाण्यातल्या छोट्या युद्धनौकांच्या याद्या. यात बोट जून-जुलैमध्ये कुठे होती ते दिसतं. मोहिमेचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल रॅमसे यांचा अहवाल लंडन गॅझेटच्या जुलै १९४७ च्या पुरवणीत छापलेला आहे. तो आधी वाचा, म्हणजे बाकीचे कागद कुठल्या घटनेबद्दल बोलतात ते समजेल.

शेवटी उलट तपासणी. आपल्या बोटीचा अहवाल नसेल तर तिने ज्या जहाजावर माणसं चढवली त्याचा वाचा. सनडाउनर बघा. टायटॅनिकवरचे अधिकारी चार्ल्स लाइटोलर यांची ही मोटरबोट १ जूनला गेली. वाटेत पेटलेल्या वेस्टरली या बोटीवरची माणसं घेतली, मग डंकर्कला वूस्टर विनाशिकेच्या बाजूला लागून सैनिक घेतले आणि रॅम्सगेटला थेट उतरवले. म्हणजे तीन ठिकाणी दुवा. १३० च्या आसपासचा तिचा आकडा म्हणूनच पटतो : माणसं तिनेच नेली, तिनेच उतरवली.

---

खाडीकाठ

बोट स्वतः काय सांगते याबद्दल थोडं. राखाडी रंगाचा थर सापडला म्हणून नाचू नका. तो नौदलाची सेवा सांगतो, डंकर्क नाही. नंतर वर्षानुवर्षं नदीवर गस्त घातलेल्या बोटींनाही तोच रंग. डेकवरची बुजवलेली भोकं मशीनगनची असतील, पण ती बहुधा त्या गस्तीच्या काळातली. गोळीची म्हणून दाखवली जाणारी भोकं तर अर्ध्या वेळा जुन्या खिळ्यांची निघतात : कडेने काळा गंज आणि आकार चौकोनी असेल तर खिळाच.

दारावरच्या पितळी पट्टीचंही तसंच. असोसिएशन ऑफ डंकर्क लिटल शिप्स ही संघटना १९६५ च्या पंचविसाव्या वर्षाच्या फेरीनंतर उभी राहिली, आणि ती सभासद करताना पुरावा मागते. तिथे बोटीची नोंद असेल तर अर्ध्याहून जास्त काम झालेलं असतं. पट्टी मात्र कुठल्याही कोरीवकाम करणाऱ्याकडून करून मिळते.

---

नवशिका वल्हेकरी

एक वेगळं विचारतो. व्हॉट्सअ‍ॅपवर 'डंकर्कला मराठा पलटणीने मोल सांभाळला' असं फिरतंय. काही तथ्य?

---

दप्तरखाना

नाही. डंकर्कच्या वेळी फ्रान्समध्ये असलेले हिंदी सैनिक म्हणजे खेचरांच्या तुकड्या, फोर्स के-६. डिसेंबर १९३९ मध्ये मुंबईहून निघून मार्सेला उतरल्या. यातले बहुतेक सैनिक पंजाबी मुसलमान. चार तुकड्यांपैकी २२ वी पुढे जर्मनांच्या हाती लागली, बाकीच्यांतली माणसं इंग्लंडला पोचली. खेचरं मागे राहिली, कारण मोलवरून खेचर चढवणं शक्यच नव्हतं. मुंबईचा दुवा आहे तो एवढाच, बंदराचा.

---

नवशिका वल्हेकरी

समजलं. मग माझ्याकडच्या फोटोतल्या बोटीसाठी पहिलं पाऊल काय? नाव अर्धवट दिसतंय, शेवटची चार अक्षरं फक्त.

---

सुकाणू

नाव सोडून द्या. फोटोत शेजारी माणूस उभा असेल तर त्यावरून लांबीचा अंदाज घ्या. खिडक्या किती, नाळ सरळ की तिरकी, मागची बाजू सपाट की टोकदार, फळ्या एकमेकींवर चढवलेल्या की भिडवलेल्या, हे लिहून काढा. मग यॉट रजिस्टरमध्ये त्या चार अक्षरांनी संपणाऱ्या नावांची यादी करा आणि लांबीने चाळा. दहाच्या वर उरल्या तर फोटोची मागची बाजू स्कॅन करून इथे टाका. छायाचित्रकाराचा शिक्का असला तर निदान गाव कळेल.